सिॲटलची निवडणूक आणि ‘कार्यकर्ता’ हा शब्द

इंग्रजीत ज्याला ‘व्हॉलंटिअर’ म्हणतात त्याला मराठीत आपण ‘स्वयंसेवक’ म्हणू शकतो; तथापि निवडणुकीच्या संदर्भात आपल्या तोंडी सहज येतो तो शब्द ‘कार्यकर्ता’. दोहोंत अंतर आहे. स्वयंसेवक ठरावीक कामापुरता येतो आणि काम सरले की घरी जातो. कार्यकर्ता निवडणुकीआधीही असतो आणि नंतरही असतो. निदान असावा, अशी त्या शब्दामागील अपेक्षा आहे. गेल्या काही वर्षांत पेट्रोल, जेवण आणि रोजचा भत्ता यांच्या हिशेबावर मोटारसायकल फिरवणाऱ्यालाही आपण हेच नाव देऊ लागलो, ही त्या शब्दाची अवनती होय. या शब्दाचा जुना अर्थ मला अलीकडे सापडला तो अमेरिकेतील सिॲटल या शहराच्या नगरपरिषदेच्या निवडणुकांचा इतिहास वाचताना.

क्षमा सावंत हे नाव वाचताच आपल्यापैकी अनेकांचे कान टवकारतील, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. त्यांचा जन्म पुण्याचा आणि बालपण मुंबईचे. परंतु त्या तमीळ कुटुंबातील असून ‘सावंत’ हे आडनाव त्यांच्याकडे विवाहाने आले. ‘आपली मराठी मुलगी अमेरिकेत निवडून आली’ असे म्हणण्याचा मोह आवरावा. भाषेच्या नावाने चळवळ करणाऱ्यांनी तरी आडनावावरून भाषा ठरवू नये. मुंबई विद्यापीठातून संगणकशास्त्राची पदवी घेऊन त्या अमेरिकेत गेल्या, तेथे अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि सिॲटलमध्ये अध्यापन करू लागल्या. ‘सोशलिस्ट ऑल्टरनेटिव्ह’ या लहानशा समाजवादी संघटनेच्या त्या सभासद होत्या.

त्यांची पहिली निवडणूक २०१२ सालची, आणि ती राज्य विधिमंडळाची. प्रतिस्पर्धी होते सभागृहाचे अध्यक्ष फ्रँक चॉप. या लढतीत मतपत्रिकेवर नावाखाली पक्षाची पसंती छापून यावी यासाठी सावंतांना न्यायालयात जावे लागले आणि तेथे निकाल त्यांच्या बाजूने लागला. निवडणूक त्या हरल्या, पण सुमारे २९ टक्के मते मिळाली. मतपत्रिकेवरील एका ओळीसाठी वाद घालणे क्षुल्लक वाटू शकते. मात्र नावाच्या पाट्यांवरील अक्षरांसाठी आयुष्य घालवलेल्या सीमाभागातील वाचकांना त्याचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, त्या नगरपरिषदेसाठी उभ्या राहिल्या. समोर रिचर्ड कॉनलिन होते, सलग १६ वर्षे सभासद असलेले आणि पर्यावरणवादी, उदारमतवादी म्हणून नावाजलेले. २०११ साली कामगारांना पगारी आजारपणाची रजा देणारा नियम नगरपरिषदेने ८ विरुद्ध १ मतांनी संमत केला, तेव्हा विरोधातील ते एकमेव मत याच गृहस्थांचे होते. प्रचाराला एवढी खुंटी पुरेशी होती.

सावंतांच्या मागण्या तीन होत्या: तासाला किमान १५ डॉलर वेतन, घरभाड्यावर नियंत्रण आणि कोट्यधीशांवर कर. त्या वर्षी वॉशिंग्टन राज्यातील किमान वेतन तासाला ९ डॉलर १९ सेंट होते. मला वकील म्हणून या यादीत रस वाटतो तो असा की, तिन्ही मागण्यांचे कायदेशीर वजन सारखे नव्हते. भाडेनियंत्रण करण्यास राज्याच्या १९८१ च्या कायद्याने नगरपरिषदांना मनाई केलेली आहे. म्हणजे उमेदवार निवडून आला तरी ते आश्वासन त्या सभागृहात पुरे होण्यासारखे नव्हते. किमान वेतनाचे तसे नव्हते. ते ठरवण्याचा अधिकार शहराला होता. दारोदार फिरणाऱ्या कार्यकर्त्याच्या झोळीत एक मागणी अशी होती की जी लढून मिळवावी लागणार होती आणि दुसरी अशी की जी सभागृहातील पाच मतांवर मिळण्यासारखी होती. नऊ जणांच्या सभागृहात पाच.

या कार्यकर्त्यांचे काम समजण्यासाठी तेथील मतदानाची रीत समजून घेतली पाहिजे. वॉशिंग्टन राज्यात मतदान टपालाने होते. मतपत्रिका घरी येते, मतदार ती भरून, लिफाफ्यावर सही करून टपालात किंवा रस्त्यावरील अधिकृत पेटीत टाकतो. मतदानाच्या दिवसाचा टपालशिक्का असला की पुरे. त्यामुळे त्या रात्री जाहीर होते ती केवळ पहिली मोजणी, आणि उरलेली मते पुढे कित्येक दिवस मोजली जातात. मतपत्रिका लवकर धाडणारे बहुधा वयस्क आणि स्वतःच्या घरात राहणारे. शेवटच्या दोन दिवसांत धाडणारे बहुधा तरुण, भाडेकरू, पाळीत काम करणारे. समाजवादी उमेदवाराची मते या दुसऱ्या गठ्ठ्यात असतात. म्हणून तिच्या कार्यकर्त्यांची खरी परीक्षा शेवटच्या ४८ तासांत: ‘मतपत्रिका आली का? भरली का? मग टेबलावर का पडून आहे?’ शिवाय लिफाफ्यावरील सही नोंदणीतील सहीशी जुळली नाही तर ते मत बाजूला ठेवले जाते आणि मतदाराने ठरावीक मुदतीत खुलासा केला तरच मोजले जाते. अशा मतदारांना गाठून सही दुरुस्त करून घेणे हेही कार्यकर्त्याचेच काम. भाषण नाही, मिरवणूक नाही. नोव्हेंबरच्या पावसात जिने चढायचे.

मला यात माझे विद्यार्थिदशेतील दिवस दिसले. नव्वदच्या दशकात बेळगावात कायद्याचे शिक्षण घेत असताना मी एका प्रभागात मतदारांच्या चिठ्ठ्या लिहायला बसत असे. नाव, अनुक्रमांक, मतदान केंद्र. आम्ही सात-आठ जण एका घराच्या माडीवर बसून मध्यरात्रीपर्यंत लिहीत असू आणि दुसऱ्या दिवशी त्या वाटत असू. चिठ्ठी हातात देताना बाई विचारत, ‘बाळा, नळाला पाणी कधी येणार?’ आम्ही सांगत असू, ‘मावशी, आधी सीमाप्रश्न.’ त्या हसून चिठ्ठी घेत. मत आम्हालाच देत. ते हसणे मला तेव्हा कळले नाही.

सिॲटलमध्ये ५ नोव्हेंबर २०१३ च्या रात्री सावंत पिछाडीवर होत्या. वृत्तपत्रांनी कॉनलिन यांचा विजय जवळपास धरून चालला होता. मग रोजच्या मोजणीगणिक अंतर घटत गेले, उलटले, आणि १५ नोव्हेंबरला कॉनलिन यांनी पराभव मान्य केला. अखेरची मोजणी ९३,६८२ विरुद्ध ९०,५३१ अशी झाली. १९१६ साली ॲना लुईस स्ट्राँग या शाळा मंडळावर निवडून आल्या होत्या. त्यानंतर सिॲटल शहरभरच्या निवडणुकीत जिंकलेल्या या पहिल्याच समाजवादी. शहराला तशी परंपरा होती. १९१९ च्या फेब्रुवारीत तेथील सुमारे ६५,००० कामगारांनी पाच दिवस सार्वत्रिक संप केला होता आणि त्या काळात संपकऱ्यांच्या समित्यांनी दूध व अन्न पोहोचवण्याची व्यवस्था चालवली होती. तथापि शतकभराच्या खंडानंतर परंपरा आपोआप मते देत नाही.

पुढील घटनाक्रम माझ्या दृष्टीने विजयाहून बोधक आहे. ६ जानेवारी २०१४ रोजी सावंतांचा शपथविधी झाला. सभासदाचे वेतन वर्षाला सुमारे १,१७,००० डॉलर होते. त्यांनी स्वतःसाठी ४०,००० ठेवून उरलेले चळवळीच्या कामासाठी द्यायचे ठरवले. निवडणुकीतील कार्यकर्ते पांगले नाहीत. ‘फिफ्टीन नाऊ’ या नावाने त्यांचे वस्तीवस्तीत गट झाले आणि नगरपरिषदेने टाळाटाळ केल्यास सह्या गोळा करून हा प्रश्न थेट मतदारांपुढे नेऊ, असा धाक त्यांनी कायम ठेवला. हे श्रेय एकट्या सावंतांचे नव्हे. फास्ट फूडच्या दुकानांतील कामगारांचे संप २०१३ च्या उन्हाळ्याआधीच सुरू झाले होते, कामगार संघटना उतरल्या होत्या, आणि शेजारच्या सीटॅक या छोट्या गावात १५ डॉलरचा प्रस्ताव त्याच नोव्हेंबरात अवघ्या ७७ मतांनी संमत झाला होता. २ जून २०१४ रोजी सिॲटलच्या नगरपरिषदेने १५ डॉलरचा नियम ९ विरुद्ध ० मतांनी केला. टप्प्याटप्प्याने वाढ देण्याची तडजोड सावंतांना पसंत नव्हती; टीका करूनही त्यांनी बाजूनेच मत दिले. शपथविधीपासून पाच महिनेही झाले नव्हते.

२०१५ पासून प्रभागवार निवडणुका आल्या आणि त्या तिसऱ्या प्रभागातून जिंकल्या. २०१९ मध्ये ॲमेझॉन कंपनीने या निवडणुकांत व्यापारी संघाच्या प्रचारनिधीला सुमारे १५ लाख डॉलर दिले. तेव्हाही पहिल्या रात्री पिछाडी आणि नंतर आघाडी हीच कथा.

२०२१ साली प्रश्न आला तो त्यांना परत बोलावण्याचा. तेथे हा अधिकार मतदारांना आहे. मात्र आरोप सकृद्दर्शनी टिकतात की नाही हे आधी न्यायालय पाहते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन आरोप ग्राह्य धरले: करोनाकाळात रात्री नगरभवन आंदोलकांसाठी उघडले, महापौरांच्या घरावर निघालेल्या मोर्चाचे नेतृत्व केले, आणि प्रस्तावित करासाठीच्या मोहिमेत कार्यालयाची साधने वापरली. शेवटचा आरोप पोकळ नव्हता. त्याबाबत त्यांनी सुमारे ३,५०० डॉलर दंड भरण्याचे मान्य केले होते. सार्वजनिक कार्यालय आणि चळवळ यांच्यातील रेषा ज्यांना आपले ध्येय पवित्र वाटते त्यांच्याकडूनच अधिक सहज ओलांडली जाते, हे मी आमच्या बाजूच्याही कागदपत्रांत पाहिले आहे.

हे मतदान ७ डिसेंबरला, सणासुदीच्या तोंडावर ठेवले गेले. अशा वेळी भाडेकरू आणि तरुण मत द्यायला विसरतात, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. सावंतांच्या कार्यकर्त्यांनी फुटपाथवर टेबले मांडली आणि ज्यांची मतपत्रिका हरवली होती त्यांना ती तेथेच छापून घेण्याची सोय केली. परत बोलावण्याच्या बाजूने २०,३४६ मते पडली, विरोधात २०,६५६. अंतर ३१० मतांचे. जिने चढण्याचा हिशेब यापेक्षा नेमक्या आकड्यात मांडता येणार नाही.

त्याच वर्षी, त्याच्या तीन महिने आधी, बेळगाव महापालिकेची निवडणूक झाली. पक्षचिन्हांवर झालेल्या या पहिल्या निवडणुकीत ५८ पैकी ३५ जागा भारतीय जनता पक्षाने जिंकल्या आणि महाराष्ट्र एकीकरण समिती बोटांवर मोजण्याइतक्या जागांवर आली. प्रभागरचना, मतदारयाद्या, मतदानयंत्रे यांविषयी आपल्या तक्रारी आहेत. त्यांतील काहींना मी कायदेशीर आधारही देऊ शकेन. परंतु निवडून आलेल्या त्या ३५ जणांत मराठी घरांतले नगरसेवक थोडे नव्हते, ही गोष्ट कोणत्याही याचिकेत मांडता येत नाही.

या महापालिकेने २००५ साली महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला आणि कर्नाटक सरकारने ती बरखास्त केली. राज्याची सीमा बदलण्याचा अधिकार महापालिकेला नाही, हे तो ठराव करणाऱ्यांनाही माहीत होते. तो विषय संसदेच्या कक्षेतला, आणि त्याविषयीचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तरीही तो ठराव योग्यच होता असे माझे मत आहे, जसे भाडेनियंत्रणाची मागणी सिॲटलमध्ये योग्य होती. जे सभागृहाच्या अधिकाराबाहेर आहे ते मागायला लोकप्रतिनिधीला बंदी नसते. प्रश्न वेगळा आहे. आपल्या झोळीत १५ डॉलर कोठे होते? जे महापालिकेच्या अधिकारात होते, म्हणजे पाणी, घरपट्टी, गटारे, मराठी परिपत्रके, त्यांपैकी एक तरी मागणी घेऊन, तिची मुदत सांगून, आपण दारोदार गेलो असतो आणि ती पुरी करून पुन्हा त्याच दाराशी गेलो असतो तर?

मुंबईत हे घडले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातून आलेले समाजवादी कार्यकर्ते पुढे वस्त्यांच्या कामात गेले. १९६१ साली मुंबई महापालिकेवर निवडून आलेल्या मृणाल गोरे यांना गोरेगावच्या बायका ‘पाणीवाली बाई’ म्हणत. त्या नावात पक्ष नाही, तत्त्वज्ञान नाही, नळ आहे. त्याच बाईंना १९७७ मध्ये मतदारांनी लोकसभेत पाठवले.

सावंतांनी २०२३ ची निवडणूक लढवली नाही. जाण्यापूर्वी त्याच फेब्रुवारीत त्यांनी जातिभेदाला बंदी करणारा नियम मांडला आणि तो ६ विरुद्ध १ मतांनी संमत झाला. अमेरिकेतील कोणत्याही शहराने केलेला असा तो पहिला नियम. त्यांच्यानंतर त्या प्रभागात समाजवादी उमेदवार निवडून आला नाही. किमान वेतन मात्र आता दर वर्षी महागाईनुसार वाढते.

माडीवर चिठ्ठ्या लिहिणाऱ्या आम्हा सात-आठ जणांपैकी दोघे आज निरनिराळ्या राष्ट्रीय पक्षांत आहेत, एक पुण्यात स्थायिक झाला, बाकीचे बेळगावातच आहेत. मागच्या महिन्यात त्यांतील एक न्यायालयात भेटला. त्याच्या गल्लीत चार दिवसांआड पाणी येते. अर्ज मराठीत लिहून द्यावा की कन्नडमध्ये, असे त्याने मला विचारले. मी दोन्ही भाषांत लिहून दिला.