ग्रँड कॅन्यनच्या कायद्याची कुळकथा

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीने ग्रँड कॅन्यन ही ४४६ किलोमीटर लांबीची घळई कोरली आहे. ती सार्वजनिक उद्यान म्हणून राखावी, असे पहिले विधेयक १८८२ साली सिनेटमध्ये मांडले गेले. कायदा झाला १९१९ मध्ये. मधल्या ३७ वर्षांत घळईला जे काही संरक्षण मिळाले, ते राष्ट्राध्यक्षांच्या सहीने मिळाले.

पहिले विधेयक इंडियानाचे सिनेटर बेंजामिन हॅरिसन यांचे. १८७२ मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झाले होते, त्यामुळे नमुना समोर होता. जॉन वेस्ली पॉवेल १८६९ साली होड्यांतून या घळईतून गेले होते, त्यांच्या वर्णनांनी तिचे नाव देशभर पोचले होते. पण ॲरिझोना तेव्हा राज्य नव्हते, आणि सिनेटमध्ये त्याच्या बाजूने मत द्यायला कोणी नव्हते. १८८३ आणि १८८६ मध्येही विधेयक बारगळले. पुढे हॅरिसन स्वतः राष्ट्राध्यक्ष झाले. राखीव वने जाहीर करण्याचा अधिकार १८९१ च्या कायद्याने त्या पदाला मिळाला होता. तो वापरून फेब्रुवारी १८९३ मध्ये, पद सोडायला दोन आठवडे उरले असताना, त्यांनी घळईभोवतीचा प्रदेश राखीव वन ठरवला.

१९०१ मध्ये दक्षिण कड्यापर्यंत रेल्वे आली, तिच्यामागून पर्यटक आले आणि कड्यावरच्या जागेला भाव आला. १९०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तिथे उभे राहून घळई आहे तशी राहू द्या, असे लोकांना सांगितले. तोवर खाणकामाच्या नावाखाली मोक्याच्या जागा बळकावणे सुरू झाले होते. राल्फ कॅमेरॉन यांनी घळईत उतरणाऱ्या ब्राइट एंजल वाटेवर खाणीचे दावे नोंदवले होते आणि त्या वाटेने जाणाऱ्यांकडून ते पैसे घेत. ११ जानेवारी १९०८ रोजी रूझवेल्ट यांनी आठ लाखांहून अधिक एकर भूमी राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केली. त्यासाठी त्यांनी आधार घेतला १९०६ च्या पुरावशेष कायद्याचा. प्राचीन अवशेषांची लूट थांबावी म्हणून केलेल्या या कायद्यात आवश्यक तेवढीच कमीत कमी जागा घ्यावी, अशी अट होती. तो एवढ्या मोठ्या प्रदेशाला लावणे हे धाडसच होते. कॅमेरॉन यांनी हा अधिकार न्यायालयात नाकारला. घळई हीच वैज्ञानिक महत्त्वाची वस्तू आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९२० साली दिला आणि या कायद्याखालच्या पुढच्या अनेक मोठ्या स्मारकांना त्याने पाया मिळाला.

१९१२ मध्ये ॲरिझोना राज्य झाले, १९१६ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन झाली. आता विधेयक नेटाने पुढे न्यायला स्थानिक लोकप्रतिनिधी होते: सिनेटमध्ये हेन्री ॲशर्स्ट, प्रतिनिधिगृहात कार्ल हेडन. २६ फेब्रुवारी १९१९ रोजी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी त्यावर सही केली.

मात्र तडजोडीचे ठसे कायद्यात राहिले. आधीचे वैध दावे कायम ठेवले गेले. एका कलमाने उद्यानाच्या हद्दीत सरकारी जलप्रकल्पाला वाट मोकळी ठेवली, आणि सीमेत घळईचा काही भागच आला. याचा फटका १९६० च्या दशकात जाणवला, कारण ब्रिज कॅन्यन आणि मार्बल कॅन्यन इथल्या नियोजित धरणांच्या जागा उद्यानाच्या सीमेबाहेर होत्या. मोठ्या जनआंदोलनानंतर १९६८ च्या कायद्याने ती धरणे रोखली.

सर्वांत मोठा अन्याय हवासुपाई लोकांवर झाला. पिढ्यान्‌पिढ्या ते उन्हाळ्यात घळईत शेती करीत आणि हिवाळ्यात वरच्या पठारावर शिकारीला व कंदमुळे गोळा करायला जात. १८८२ मध्ये त्यांच्यासाठी घळईतले जेमतेम ५१८ एकर राखले गेले. पठार आधी राखीव वनात गेले आणि त्याचा काही भाग पुढे उद्यानात. शेतीसाठी उद्यानातली जमीन वापरू देण्याची तरतूद १९१९ च्या कायद्यात होती, पण ती सरकारच्या मर्जीवर होती. जानेवारी १९७५ च्या विस्तार कायद्याने मार्बल कॅन्यनसह शेजारचे संरक्षित प्रदेश उद्यानाला जोडले आणि त्याच कायद्याने सुमारे १,८५,००० एकर हवासुपाईंना परत दिले.