वस्तरा कुणाच्या हातात?

बचत गटांच्या या कार्यक्रमात आज मी कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोलणार नाही. आज वस्तऱ्याची गोष्ट सांगणार आहे. पुरुषांच्या वस्तूचं आपल्याला काय, असं म्हणू नका. शेवटपर्यंत ऐका.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या एका गटाच्या बैठकीत एका ताईनं पंधरा हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. तिच्या मालकांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात उचलत नव्हता. स्टँडजवळचं त्यांचं केशकर्तनालय बंद पडलं होतं. ती म्हणाली, "दुकान मीच उघडते. कटिंग थोडं जमतंय, दाढी शिकून घेते." कुणी काही बोलेना. मग एक मावशी म्हणाल्या, "अगं, परक्या बाप्याच्या गालाला हात लावणार तू?" दोघीतिघी हसल्या. आणि खरं सांगते, मीसुद्धा रजिस्टर मिटलं आणि म्हणाले, "पुढच्या बैठकीत बघू."

घरी आल्यावर मनाला टोचत राहिलं. तिनं शेळ्या मागितल्या असत्या, शिलाई मशीन मागितलं असतं, तर मी पुढच्या बैठकीवर टाकलं असतं का? मग थोडं वाचलं, थोडं जुन्या माणसांना विचारलं. त्यातून जे हाती लागलं ते सांगते.

आपल्या गावगाड्यात नाभिक हे बारा बलुतेदारांपैकी एक. खांद्याला धोपटी. धोपटीत वस्तरा, कातर, नखं काढायची नराणी, पाण्याची वाटी, छोटा आरसा, धार लावायचा दगड आणि चामड्याचा पट्टा. वर्षभर गावाची दाढी-हजामत करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुतं घ्यायचं. विद्या बापाकडून मुलाकडे जायची. धोपटी घरातल्याच खुंटीला टांगलेली असे, पण ती काढून खांद्याला लाव, असं घरातल्या बाईला कुणी सांगत नसे.

बाईचा आणि वस्तऱ्याचा संबंध यायचा तो वेगळ्याच वाटेनं. ब्राह्मण आणि काही वरच्या मानल्या गेलेल्या जातींत नवरा गेला की बाईचं केशवपन होत असे. दहा-बारा वर्षांची पोर असली तरी सुटका नसे. एकदा करून भागत नसे. केस वाढले की पुन्हा न्हावी, पुन्हा वस्तरा. अंगावर लाल आलवण, आणि शुभकार्यात पुढं यायचं नाही.

या चालीविरुद्ध सुधारकांनी लिहिलं, भाषणं केली. पण १८९० साली मुंबईत एक निराळी गोष्ट घडली. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक विचारांचे पुढारी. 'दीनबंधू' पत्र चालवणारे, गिरणी कामगारांची संघटना बांधणारे. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्याच खटपटीनं, त्याच वर्षी. त्यांच्या पुढाकारानं मुंबईत न्हाव्यांची सभा भरली. शेकडो न्हावी जमले आणि त्यांनी ठरवलं, की विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही.

विचार करा मैत्रिणींनो. हातावर पोट असलेली माणसं. त्या कामाचे पैसे मिळत होते, आणि ते काम घरोघरी होतं. तरीही ती म्हणाली, हे आमच्या हातून होणार नाही. वस्तरा ज्याच्या हातात, तो नाही म्हणू शकतो, हे त्यांनी दाखवलं.

एका सभेनं चाल थांबली नाही. ती पुढं कित्येक वर्षं चालली. अण्णासाहेब कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांचंही केशवपन झालेलं होतं. पुढं त्यांनी स्वतःच ठरवून वपन बंद केलं आणि केस वाढवले. लोक बोलले, पण त्या मागं फिरल्या नाहीत.

आता जवळच्या काळात या. कोल्हापूर जिल्ह्यात, गडहिंग्लज तालुक्यातलं हसूरसासगिरी गाव. तिथल्या शांताबाई यादव यांचे पती १९८४ साली वारले. पदरात चार मुली. मजुरीवर भागेना. घरात धोपटी होती. शांताबाईंनी ती उचलली. सुरुवातीला लोकांनी नावं ठेवली. पण आजूबाजूच्या ज्या गावांत न्हावी नव्हता तिथं त्या पायी जायच्या, दाढी करायच्या, केस कापायच्या, म्हशीही भादरायच्या. त्या कमाईवर त्यांनी चारही मुली वाढवल्या, त्यांची लग्नं केली. देशातली पहिली महिला नाभिक म्हणून त्यांचं नाव वर्तमानपत्रांत आलं.

जो वस्तरा एके काळी विधवेच्या डोक्यावर फिरत होता, तोच इथं एका विधवेनं हातात घेतला आणि घर चालवलं.

हे सगळं वाचून मी त्या ताईच्या घरी गेले. ती शिकायला लागलीच होती. मालक खाटेवर बसून सांगत होते आणि ती करत होती. आधी फुग्यावर. फुगा फुगवायचा, त्याला साबणाचा फेस लावायचा आणि वस्तऱ्यानं तो फेस उतरवायचा. हात जड पडला की फट्! चौदा फुगे फुटले म्हणाली.

मग मालकांच्याच गालावर. मी बघत बसले. आधी कोमट पाण्यानं गाल दोन-तीन मिनिटं भिजवला, म्हणजे केस मऊ पडतात. ब्रश भिजवून जास्तीचं पाणी झटकलं. साबणावर ब्रश घोळवून गालावर गोल गोल फिरवला, म्हणजे केस उभे राहतात आणि फेस मुळापर्यंत जातो. मालक म्हणाले, "खरं काम डाव्या हाताचं. कातडी ताणून धर." वस्तरा गालावर आडवा टेकवायचा नाही, उभाही धरायचा नाही. साधारण ३० अंश तिरका धरायचा. केसांच्या दिशेनं, छोटे छोटे हात मारायचे. हनुवटी आणि गळा सगळ्यात अवघड. शेवटी थंड पाणी आणि तुरटी.

हनुवटीला जरा लागलंच. ती घाबरली. मालक म्हणाले, "मी शिकताना माझ्या वडलांना तीनदा कापलंय. तुरटी लाव, पुढं चल."

आता दुकानात धार लावायचा जुना वस्तरा चालत नाही. ब्लेड बसवायचा वस्तरा असतो आणि प्रत्येक गिऱ्हाईकाला नवं ब्लेड. एकाचं रक्त लागलेलं ब्लेड दुसऱ्याला वापरलं तर कावीळ, एचआयव्ही यांसारखे रोग जाऊ शकतात. वापरलेली ब्लेडं झाकणाच्या डब्यात जमा करायची, उकिरड्यावर नाही. हे तिला पाठ होतं. मला नव्हतं.

पुढच्या बैठकीत मी आधी माझी चूक कबूल केली, मग ही सगळी गोष्ट सांगितली. त्या मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दवाखान्यात नर्स पुरुषाला सुई टोचते, तेव्हा आपण कुठं हसतो?" कर्ज मंजूर झालं. दुकान उघडलं. पहिल्या दिवशी दोनच गिऱ्हाइकं आली, त्यातलं एक शाळकरी पोर. पण पहिला हप्ता वेळेवर भरलाय.

मैत्रिणींनो, तुमच्याही गटाचं रजिस्टर एकदा मागं चाळा. 'पुढच्या बैठकीत बघू' म्हणून कुणाची मागणी राहिली आहे का, ते बघा. असली, तर येत्या बैठकीत तोच विषय पहिला घ्या.