एका उन्हाळ्याचा कोड चौदा वर्षं चालला

मागचा भाग टॉरवर झाला, आणि त्यावर एका श्रोतीने नेमका प्रश्न पाठवला: "जिथे लोकांचा जीव अडकलेला असतो, तिथे कॉलेजच्या पोरांनी लिहिलेला कोड चालवतात? भरवसा कसा ठेवायचा?" उत्तर द्यायला मला २००७ सालात जावं लागेल.

आधी दोन मिनिटांत उजळणी. कांद्याच्या पाकळ्यांसारखं एन्क्रिप्शनवर एन्क्रिप्शन चढवायचं ही कल्पना नव्वदच्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत निघाली. पुढे रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन या एमआयटीत शिकलेल्या दोघांनी प्रयोगशाळेच्या पॉल सिव्हर्सनसोबत टॉर उभारलं. तुमचा डेटा तीन रिलेंमधून जातो, आणि तुम्ही कोण व कुठे चाललात हे दोन्ही एकाच रिलेला कळत नाही. झाली उजळणी.

गूगलने २००५ मध्ये 'समर ऑफ कोड' सुरू केलं. विद्यार्थ्याने उन्हाळाभर एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पात काम करायचं, पैसे गूगल देणार. टॉर त्यात २००७ मध्ये उतरलं. (हो, जाहिरातींसाठी आपला माग काढणारी कंपनी माग पुसणाऱ्या प्रकल्पाला पैसे देत होती. मलाही हसू आलं.) त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांत होता कार्स्टन लोझिंग. जर्मनीतल्या बामबर्ग विद्यापीठात तो पीएचडी करत होता.

त्याने हातात घेतलेला प्रश्न सोपा नव्हता. टॉरवर अशाही साइट्स असतात ज्यांचा सर्व्हर कुठे आहे हे कुणालाच कळत नाही. शेवटी डॉट ओनियन असतं ना, त्या. आता, ठिकाण माहीतच नाही तर भेटायचं कसं? तर साइट एक चिठ्ठी ठेवते: 'अमुक अमुक रिलेंपाशी निरोप द्या, मी येते.' तेव्हा या सगळ्या चिठ्ठ्या मोजक्या मध्यवर्ती सर्व्हरवर जमा व्हायच्या. ते सर्व्हर बंद पाडले की सगळ्या लपलेल्या साइट्स एकदम बेपत्ता! शिवाय ते चालवणाऱ्यांच्या हाती आयती यादीच.

लोझिंगने प्रस्ताव लिहिला, क्रमांक ११४. चिठ्ठ्या नेटवर्कमधल्या साध्या रिलेंवरच वाटून टाकायच्या. रिले त्यांच्या ओळखक्रमांकानुसार एका वर्तुळात मांडलेत अशी कल्पना करा. ओनियन पत्ता आणि आजची तारीख यांवरून गणित करायचं की वर्तुळात जागा मिळते. चिठ्ठी सहा रिलेंवर राहणार, आणि रोज जागा बदलणार. हाच कोड टॉरमध्ये गेला आणि सोळा अक्षरी ओनियन पत्त्यांमागे वर्षानुवर्षं चालत राहिला. वृत्तपत्रांकडे गुपचूप कागदपत्रं पोहोचवणारी सिक्युअरड्रॉप पुढे याच व्यवस्थेवर उभी राहिली.

पण गणितात एक भोक होतं. पत्ता माहीत आहे, उद्याची तारीखही माहीत आहे, म्हणजे उद्याची जागा आजच काढता येते! मग हवा तसा ओळखक्रमांक मिळेपर्यंत नवनवीन किल्ल्या बनवायच्या आणि आपला रिले नेमका तिथे नेऊन बसवायचा. आता चिठ्ठी मागायला कितीजण आले ते मोजा, नाहीतर चिठ्ठी देऊच नका. लक्झेंबर्ग विद्यापीठातल्या बिर्युकोव्ह, पुस्तोगारोव्ह आणि वाइनमान यांनी २०१३ मध्ये हे प्रत्यक्ष करून दाखवलं, वर असंख्य ओनियन पत्तेही गोळा केले.

आता "बघा, विद्यार्थ्याचा कोड!" असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. प्रस्ताव उघड्यावर होता, टॉरच्या मुरलेल्या लोकांनी तो तपासून स्वीकारला होता, आणि आधीची व्यवस्था याहून कच्ची होती. खटकतं ते दुसरंच. भोक २०१३ मध्ये सगळ्यांना दिसलं, पण बुजवणारी नवी रचना लोकांच्या हातात यायला आणखी चारेक वर्षं लागली. तिच्यात सर्व्हर मिळून रोज एक यादृच्छिक आकडा ठरवतात, त्यामुळे उद्याची जागा आज कळत नाही. चिठ्ठी सांभाळणाऱ्या रिलेला पत्ताही वाचता येत नाही. पत्ता मात्र छप्पन्न अक्षरांचा झाला. पाठ करून दाखवा! जुने पत्ते २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत टिकले, मग टॉर ब्राउझरने ते उघडणं बंद केलं.

तुमच्या फोनचाही या गोष्टीशी संबंध आहे. अँड्रॉइडवर ऑर्फॉक्स नावाचा ब्राउझर होता, आठवतो? टॉर ब्राउझरचा कोड फोनवर आणण्याचं ते काम गार्डियन प्रोजेक्टकडे समर ऑफ कोडमधून आलेल्या एका भारतीय विद्यार्थ्याने सुरू केलं. २०१९ मध्ये खुद्द टॉर ब्राउझर अँड्रॉइडवर स्थिर झाला आणि ऑर्फॉक्स निवृत्त.

लोझिंग मात्र उन्हाळा संपल्यावर गेला नाही. टॉर नेटवर्कची मोजदाद करणारं 'टॉर मेट्रिक्स' त्याने वर्षानुवर्षं सांभाळलं. रिलेंची अधिकृत यादी ठरवणारे जगात नऊ-एक सर्व्हर आहेत, त्यातला एकही तो चालवायचा. नाव 'गाबेलमो', म्हणजे काटेवाला माणूस. बामबर्गमध्ये त्रिशूळ घेतलेला नेपच्यूनचा पुतळा आहे, त्याला गावकरी याच नावाने हाक मारतात. पुढे हा सर्व्हर सेबास्टियन हानकडे गेला. तोही समर ऑफ कोडमधूनच आलेला, २००८ च्या तुकडीतला.