शाहूकालीन कोल्हापूरचे कलाजीवन

राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) कोल्हापूर संस्थानात संगीत, रंगभूमी, चित्रकला, मल्लविद्या व चित्रपट या क्षेत्रांचा जो उत्कर्ष झाला, त्यास शाहूकालीन कलाजीवन म्हटले जाते. कोल्हापूरला लाभलेल्या ‘कलापूर’ या बिरुदाचा पाया याच काळात घातला गेला.

पार्श्वभूमी

शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी संस्थानी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा केला. याच कारकिर्दीत नाट्यगृह व कुस्तीचे मैदान यांसारख्या सार्वजनिक वास्तू उभ्या राहिल्याने राजाश्रयाचा लाभ दरबारापुरता मर्यादित राहिला नाही.

संगीत

जयपूर–अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ हे कोल्हापूरचे दरबार गायक होते. महाराजांच्या निधनानंतर ते मुंबईस गेले. त्यांचे पुत्र भुर्जी खाँ यांनी कोल्हापुरात राहून घराण्याची तालीम पुढे चालविली.

रंगभूमी व मल्लविद्या

बालगंधर्वांना १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत प्रवेश मिळण्यास महाराजांचे साहाय्य झाले. १९१२ मध्ये खासबाग मैदान तयार झाले. मध्यभागी आखाडा व सभोवती चढत जाणारी बैठक अशी त्याची रचना असल्याने दूरच्या प्रेक्षकासही कुस्ती स्पष्ट दिसते. त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे राहिले. ‘ललितकलादर्श’चे संस्थापक, कोल्हापूरचे गायक नट केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांचे नाव पुढे या नाट्यगृहास देण्यात आले.

चित्रकला व चित्रपट

आबालाल रहिमान यांनी कोल्हापूर परिसराची निसर्गचित्रे रंगविली. आनंदराव व बाबूराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगवीत. त्यातूनच ते चलच्चित्राकडे वळले. आनंदरावांचे १९१६ मध्ये निधन झाले, तरी बाबूरावांनी कॅमेरा सिद्ध करून महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली. तीस तानीबाई कागलकर यांनी अर्थसाहाय्य केले. कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० मध्ये प्रदर्शित झाला. व्ही. शांताराम, दामले व फत्तेलाल हे येथेच घडले आणि १९२९ मध्ये कोल्हापुरात ‘प्रभात’ची स्थापना करणाऱ्यांत त्यांचा समावेश होता.

वारसा

‘प्रभात’ १९३३ मध्ये पुण्यास गेली आणि १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले. राजाश्रय संपला, तरी खासबागेतील कुस्त्या व केशवराव भोसले नाट्यगृहातील प्रयोग लोकाश्रयावर चालू राहिले. ८ ऑगस्ट २०२४ रोजी, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, हे नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. त्यानंतर कलावंत व नागरिक यांनी ते मूळ स्वरूपात पुन्हा उभारण्याची मागणी केली आणि पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले.