पायांचा बधिरपणा

पायाची संवेदना कमी होणे किंवा नाहीशी होणे. हा आजार नसून लक्षण आहे, आणि तो किती तीव्र आहे यापेक्षा कुठे आहे व किती वेगाने आला, यावरून कारण अधिक उलगडते. मांडी घालून बसल्यावर येणाऱ्या मुंग्या मज्जातंतूवरील दाबाने येतात आणि काही मिनिटांत जातात. दोन्ही तळव्यांपासून मोज्यासारखा वर चढणारा बधिरपणा बहुधा मधुमेहाचा असतो. ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा अतिमद्यपान हीही कारणे संभवतात. कमरेतून एकाच पायात कळ उतरत असेल, तर मणक्यांमधली सरकलेली चकती शोधावी. फिकट चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी हवी. तो औषधांनी पूर्ण बरा होतो.

‘दुखत नाही, मग घाई कशाला?’ हा युक्तिवाद उलटा आहे. वेदना नसल्यामुळेच मधुमेह्याला तळव्यात रुतलेला खडा कळत नाही आणि जखम चिघळते. ब१२ची इंजेक्शने परस्पर घेणे हाही उपाय नव्हे; शाकाहारी व मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांत ही कमतरता अधिक आढळते हे खरे, पण आधी रक्त तपासावे. बधिरपणा टिकला वा वाढला, तर डॉक्टरांना दाखवावे. एका बाजूचे हातपाय अचानक बधिर झाले, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर पक्षाघात समजून तत्काळ रुग्णालय गाठावे: गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. जांघांमधला भाग बधिर होऊन लघवी अडली किंवा पायांतली शक्ती झपाट्याने गेली, तरीही त्याच दिवशी.