गुपित राखायचं, पण कोणासाठी?

आज जरा वेगळा विषय घेऊन आलो आहोत. हेर म्हटलं की आपल्याला शिवरायांचे बहिर्जी नाईक आठवतात. पण हेराने आणलेली बातमी वाचून तिचा अर्थ लावणारं माणूसही लागतं. एका जागी बसून केलेल्या त्या कामाची जबाबदारी काही कमी जड नसते.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्क नावाच्या ठिकाणी हे काम चालायचं. शत्रूचे सांकेतिक संदेश तिथे उलगडले जात. युद्ध संपत आलं तेव्हा तिथे नऊ-दहा हजार माणसं होती आणि चारातल्या तीन बायका होत्या. बहुतेक जणी विशी-बाविशीच्या.

त्यातली एक मेव्हिस लीव्हर. १९४० साली ती कामावर आली तेव्हा १९ वर्षांची होती. एकदा इटलीचा एक लांबलचक संदेश तिच्या हाती आला. त्यात 'एल' हे अक्षर एकदाही नव्हतं. एनिग्मा यंत्रावर जे अक्षर दाबाल, ते सोडून दुसरं कुठलंही उमटायचं. म्हणजे पलीकडच्या माणसाने कंटाळून नुसतं 'एल'च दाबलं असणार, हे तिने ओळखलं. त्यावरून यंत्रातल्या नव्या चाकाची जोडणी कळली.

मार्च १९४१ मध्ये तिने आणखी एक संदेश उलगडला. अर्थ एवढाच, की आजपासून तीन दिवसांनी काहीतरी होणार. काय होणार, कुठे होणार, हे त्यात नव्हतं. मग तिने आणि सोबतच्यांनी रात्रंदिवस बसून पुढचे संदेश वाचले, तेव्हा इटलीच्या आरमाराचा बेत समजला.

आता खरी कसोटी होती. थेट हल्ला केला तर आपले संदेश फुटलेत, हे शत्रूला कळलं असतं. म्हणून ब्रिटिश अ‍ॅडमिरल कनिंगहॅम यांनी आधी टेहळणीचं विमान पाठवलं. विमानाने आपल्याला पाहिलं, असंच इटलीवाल्यांना वाटलं. ग्रीसजवळ मातापानच्या लढाईत त्यांची पाच जहाजं बुडाली आणि दोन हजारांहून जास्त खलाशी मेले. कागदावरच्या अक्षरांचा शेवट असा माणसांच्या जिवापाशी होतो. म्हणून जेवढं कळलं तेवढंच सांगायचं, पदरचं घालायचं नाही आणि खात्री नसेल तर तसं म्हणायचं, हा या कामाचा पहिला धर्म.

दुसरी जबाबदारी कायद्याची. या बायकांनी गुपित राखण्याच्या कागदावर सह्या केल्या होत्या. शेजारच्या खोलीत काय चालतं, हेही विचारायचं नाही. युद्ध १९४५ मध्ये संपलं, पण १९७४ पर्यंत या कामाची जाहीर वाच्यता झाली नाही. कित्येकींचे आईवडील लेकीने काय केलं हे न कळताच गेले. बहुतेकींना जाहीर शाबासकीसुद्धा मिळाली नाही. हा त्याग मोठा होता, आणि त्यातला अन्यायही खरा होता.

पण मैत्रिणींनो, गुपिताच्या नावाखाली सगळंच झाकायचं का? आपल्याकडे इंग्रजांनी केलेला १९२३ चा शासकीय गुपिते कायदा अजून आहे. मात्र २००५ चा माहितीचा अधिकारही आहे. त्याच्या कलम २४ प्रमाणे गुप्तचर संस्थांना माहिती देण्यातून सूट मिळते, पण भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कांची पायमल्ली झाल्याचा आरोप असेल तर ती सूट चालत नाही. गुपित देश राखण्यासाठी असतं, कुणाचं पाप झाकण्यासाठी नव्हे.

आपल्या गटातही हाच निवाडा लागू पडतो. कुणी दवाखान्यासाठी कर्ज काढलं, कुणाचा हप्ता थकला, ही बातमी पाणवठ्यावर जाता कामा नये. पण गटाच्या पैशाचा हिशेब मात्र प्रत्येक सभासदाला दिसलाच पाहिजे. बाईची अब्रू झाकायची आणि वही उघडी ठेवायची. पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला.