पहिल्या गड्याचें वेतन

एकट्यानें चालविलेल्या धंद्यांत पहिला नोकर ठेवण्याचा दिवस मोठा नाजूक असतो. नांदेड किंवा लातूर येथें गालिचे, सतरंज्या व जाजमें धुऊन देणारा एखादा मनुष्य आजवर स्वतःच ओझीं उचलीत होता, स्वतःच घाशीत होता व स्वतःच वाळवीत होता. पावसाळ्यांत काम आटलें तर तो आपलेंच पोट आवळी. आतां दुसऱ्या एका घरची चूल त्याच्या गल्ल्याला बांधली जाणार! त्या गड्याला महिन्याचा पगार द्यावा, नगामागें दाम द्यावें, कीं मिळकतींत वांटा द्यावा? प्रश्न एका दुकानापुरता दिसतो. परंतु मराठवाड्याच्या भूमींत त्याचीं निरनिराळीं उत्तरें पूर्वींच देऊन झालेलीं आहेत, आणि प्रत्येक उत्तराचे गुणदोष लोकांनीं भोगूनही पाहिले आहेत.

सर्वांत जुनें उत्तर बलुत्याचें. परीट हा बारा बलुतेदारांपैकीं एक. तो गांवचे कपडे धुवी, लग्नकार्यांत पायघड्या अंथरी, आणि सुगीच्या वेळीं खळ्यावर जाऊन आपल्या वांट्याचें धान्य घेई. बलुतेदारांच्या थोरली, मधली व धाकटी अशा तीन ओळी मानीत, आणि ओळीप्रमाणें वांटा कमीअधिक असे. या व्यवस्थेंत रोकड लागत नसे आणि काम पिढ्यानपिढ्या टिके. हा तिचा गुण. परंतु कामाचें माप आणि दामाचें माप यांचा मेळ कोठेंच बसत नसे. कुणब्याला वाटे, काम थोडें आणि मागणें फार. बलुतेदाराला वाटे, राबणें बारमाही आणि धान्य मूठभर. ठराव कोणीं व केव्हां केला हेंच कोणास ठाऊक नसल्यामुळें दोघांचेंही समाधान होणें शक्य नव्हतें. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालच्या ‘गांवगाडा’ या ग्रंथांत या पद्धतीची कठोर चिकित्सा केली आहे. शिवाय वेतन जातीला चिकटलेलें. धंदा सोडण्याची मोकळीक नाहीं. पीक बुडालें कीं राबणाराचा वांटाही बुडे.

दुसरें उत्तर सालदारकीचें. गुढीपाडव्याला साल ठरे. वर्षाची रक्कम, थोडें धान्य, एखादी घोंगडी, पायताण असा तो करार असे, आणि त्यांतली कांहीं रक्कम गडी आगाऊ उचली. ज्या घरांत उद्यांच्या भाकरीची भ्रांत, तेथें उचल म्हणजे मोठाच आधार. परंतु ती फिटली नाहीं तर पुढलें साल मागल्या कर्जांत जाई, आणि नोकर हळूहळू ऋणाचा बंदी होई. कर्जापोटीं माणसाला राबवून घेण्याची ही रीत १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानें देशभर गुन्हा ठरविली. अडीअडचणीला आगाऊ पैसे देणें हा माणुसकीचा धर्म आहे. मात्र त्या पैशांनीं माणसाचे पाय बांधणें हा धर्म नव्हे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं मराठवाड्यांत आगगाडी आली. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग नांदेडावरून गेला, आणि १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वे लातुरास पोंचली. पेठा वाढल्या, आडती थाटल्या, आणि धान्याच्या पायलीऐवजीं मजुराच्या हातीं नाणें पडूं लागलें. पण नाणें तरी कोणतें? निजामाच्या राज्यांत ‘हाली’ रुपया चाले, सरहद्दीपलीकडे इंग्रजी ‘कलदार’. सरकारी भावानें ७ हाली म्हणजे ६ कलदार. म्हणजे दहा हाली रुपये ठरवून आलेल्या गड्याला कलदारांत ८ रुपये ९ आणेच पडत. ‘दहा रुपये’ हे दोन शब्द उच्चारले म्हणजे ठराव झाला असें नव्हे. कशाचे दहा, केव्हां आणि कोणत्या कामाबद्दल, हें उभयतांनीं एकाच अर्थानें समजणें म्हणजे ठराव.

नांदेडच्या उस्मानशाही गिरणीसारख्या कारखान्यांनीं आणखी एक भेद शिकविला. कापड-गिरण्यांत विणकराला बहुधा कामावर दाम मिळे, आणि ज्यांच्या कामाचें माप काढतां येत नसे त्यांना वेळेवर. विणलेलें कापड गजानें मोजतां येतें. म्हणून तेथें नगाचा दर न्यायाचा वाटतो. परंतु सूत कच्चें निघालें किंवा माग बंद पडला तर दोष विणकराचा नसून तोटा मात्र त्याचा! कामावर दाम देण्यांतली खरी मेख हीच आहे.

पुढें कायद्यानें या अनुभवांना शब्द दिले. ब्रिटिश हिंदुस्थानांतील कारखाने व रेल्वे यांच्यासाठीं १९३६ सालीं वेतन देण्याविषयींचा कायदा झाला. वेतनाची मुदत एक महिन्याहून अधिक नसावी, लहान कारखान्यांनीं मुदत संपल्यावर सात दिवसांत पैसे चुकते करावे, आणि मालाच्या नुकसानीबद्दल कपात करण्यापूर्वीं नोकराचें म्हणणें ऐकून घ्यावें, असें त्यांत होतें. १९४८ सालीं किमान वेतनाचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टांत पहिलीच नोंद होती ती लोकरी गालिचे व शाली विणणाऱ्या कारखान्यांची! नगावर काम करणारालाही, नगाचा दर ठरला नसेल तेथें, वेळेच्या किमान दराहून कमी देऊं नये, असाही त्यांत दंडक होता. हैदराबाद संस्थान त्याच वर्षीं भारतांत विलीन झालें, आणि पुढें हे कायदे या भागासही लागू झाले. २०१९ च्या वेतनसंहितेनें हे दोन आणि आणखी दोन कायदे एकत्र गुंफले.

आतां गालिचाच्या दुकानाकडे परत वळावें. गालिचा कांहीं गजावर मोजण्याचें कापड नव्हे. एक धुळीनें भरलेला, दुसऱ्यावर तेलाचा डाग, तिसऱ्याचा रंग कच्चा. नुसतें नगामागें दाम दिलें तर गडी घाई करील. पोटांत ओल राहून लोकर कुजेल, आणि गिऱ्हाइकाचा विश्वास त्याबरोबर जाईल. उलट लग्नसराईंत मंगल कार्यालयांच्या सतरंज्यांचे ढीग पडतात, तर आषाढ-श्रावणांत दोरीवर ऊन पडत नाहीं. गिऱ्हाईक आणणें हें मालकाचें काम. ऊन पाडणें हें कोणाचेंच नव्हे. मग त्या दोहोंचा तोटा गड्याच्या माथीं मारणें म्हणजे खळ्यावरचेंच बलुतें नव्या नांवानें चालविणें होय. आणि नफ्यांत वांटा म्हणावा, तर हिशोबाची वही ज्याच्या हातीं नाहीं त्याला वांट्याचा भरंवसा कसा यावा?

यावरून एक मार्ग निघतो. सरकारी किमान दराहून कमी नाहीं असा महिन्याचा कायम पगार, ठरल्या तारखेस, मंदींतही. त्यावर, सराईंत ठराविक संख्येपलीकडे नीट वाळून परत गेलेल्या प्रत्येक नगामागें लहानशी जादा रक्कम. उचल दिल्यास ती वहींत मांडावी, आणि तिच्यासाठीं कोणाचें जाणें अडवूं नये. एवढा पगार मंदीच्या दोन महिन्यांत देववत नसेल, तर नोकर ठेवण्याची वेळ अजून आलेली नाहीं, असें मालकानें प्रांजळपणें समजावें.

वेतन म्हणजे केवळ श्रमाची किंमत नव्हे. संकटाचें ओझें कोणीं किती उचलावयाचें याची ती वांटणी असते. बलुतेदारानें तें दुष्काळांत उचललें, सालदारानें उचलींत, आणि विणकरानें बंद मागासमोर बसून. पहिला गडी ठेवणाऱ्यानें आपल्या खांद्यावर त्यांतला किती भाग घेतला, त्यावरून तो मालक कसा होणार हें ठरतें.